प्रॉडक्शन सँडविच घ्यावं का? लेकीचा हट्ट, घरात दोन पार्ट्या

ओट्यावरून
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पानावरच असते, आज जरा वेगळ्या कामासाठी आलेय. लेकीची सीईटी झाली, दुसऱ्या कॅप राउंडला (प्रवेशाच्या फेरीला) पुण्यातल्या एका कॉलेजात 'प्रॉडक्शन एस/डब्ल्यू' मिळालंय. मला वाटलं एस/डब्ल्यू म्हणजे सॉफ्टवेअर, मी आनंदाने सासूबाईंना सांगूनपण टाकलं की कॉम्प्युटरसारखंच काहीतरी आहे. लेक पोट धरून हसली, म्हणे आई ते सँडविच आहे, मधे मधे कंपनीत जाऊन काम करायचं आणि परत कॉलेजात यायचं.

आता घरात दोन पार्ट्या. ती म्हणते सीट फ्रीज करते, म्हणजे हीच पक्की. हे म्हणतात बेटरमेंटला जा, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं मिळतं का बघ, मेकॅनिकल नाहीतर कॉम्प्युटर बघू, कॉलेज कुठलंपण चालेल. दीर म्हणतात कारखान्यात पोरगी कशी उभी राहणार, तेलात हात घालणार का. आणि ती ऐकायला तयार नाही, कारण काय तर मामाचं वर्कशॉप. माझ्या भावाचं भोसरीला छोटं युनिट आहे, दोन लेथ एक मिलिंग आणि चार माणसं. सुट्टीत ही तिथे जाऊन कोपऱ्यात बसायची आणि वहीत लिहायची. वही बघितली तर कोण किती वाजता मशीन सोडून उठला, कशासाठी उठला, किती वेळाने परत आला, असं पानंच्या पानं. मामा आधी चिडला, म्हणे माझ्या माणसांवर पाळत ठेवते का गं. मग दोन दिवसांनी वही स्वतःकडेच ठेवून घेतली, अजून परत दिली नाहीये.

परवा संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. या ब्रँचला नक्की शिकवतात काय, मेकॅनिकलपेक्षा वेगळं काय, आणि मुलीच्या दृष्टीने कसं आहे? खरं खरं सांगा, गोड नको.

रिकामटेकडा
पहिला! (काम नाही त्यामुळे.) ताई तो एस/डब्ल्यूचा गोंधळ जुना आहे. आमच्या बॅचच्या एकाने लग्नाच्या बायोडेटात तसंच छापलं होतं. मुलीकडचे विचारायचे अमेरिकेला कधी, हा सांगायचा चाकणला सेकंड शिफ्ट. असो, जाणकार येतील, मी पोहे घेऊन बसतो.

बारातेरा
ताई, मी हीच ब्रँच हेच सँडविच, पास होऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं धरतो.

पहिलं वर्ष सगळ्यांचं एकच, दुसरं बऱ्यापैकी मेकॅनिकलसारखंच. मग फाटे फुटतात. मेकॅनिकलवाला विचारतो हा शाफ्ट (फिरणारा दांडा) लोड खाईल का तुटेल. प्रॉडक्शनवाला विचारतो हा शाफ्ट रोज आठशे कसे निघतील, आठशेच्या आठशे सारखे कसे निघतील आणि गिऱ्हाईक देतोय त्या पैशात कसे बसतील. त्यामुळे थर्मो आणि इंजिनांचे विषय कमी होतात आणि मशीनिंग, फाउंड्री, वेल्डिंग, प्रेस टूल, जिग-फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची साधनं), मेट्रॉलॉजी (मोजमाप), क्वालिटी, ऑपरेशन्स रिसर्च उर्फ ओआर (काम कसं आखायचं त्याचं गणित), प्लँट लेआउट हे वाढतं.

आता सँडविचचं सांगतो. मला एका प्रेस शॉपमध्ये टाकलं, नाव घेत नाही. पहिला महिना त्यांनी मला एक्सेलमध्ये हजेरी भरायला बसवलं, झेरॉक्स काढायला लावल्या, मी रोज घरी येऊन चिडायचो. मग एक सेटर काका होते, साठीला आलेले, त्यांनी एक दिवस हाक मारली, बाळा इकडे ये, नुसता उभा राहा आणि घड्याळ बघ. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला त्या प्रेसवर ७० मिनिटं लागायची. मी आपला दर मिनिटाला लिहीत गेलो. डाय उतरवणं, चढवणं, आवळणं हे खरं काम जेमतेम २० मिनिटांचं. बाकी ५० मिनिटं काय होतं? क्रेन दुसऱ्या बेवर अडकलेली. पुढचा डाय रॅकमध्ये कुठे ते शोधणं. क्लॅम्पचे बोल्ट तीन मापांचे, सतराचा पाना वेगळा, एकोणीसचा वेगळा, चोवीसचा शेजारच्या मशीनवाल्याने नेलेला. डायच्या उंच्या वेगवेगळ्या म्हणून दर वेळी प्रेसची शट हाइट (प्रेस खाली आल्यावर आत उरणारी उंची) नव्याने जुळवायची. आणि शेवटी पहिला पीस घेऊन क्वालिटीवाल्याच्या मागे फिरायचं.

दोन महिन्यांत आम्ही काय केलं तर सगळे बोल्ट एकाच मापाचे, डायखाली पॅड लावून उंच्या सारख्या, आणि पुढचा डाय मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर आणून शेजारी ठेवायचा. २८ मिनिटांवर आलं. एक रुपयाचं नवीन मशीन नाही. कॉलेजात परत आल्यावर सरांनी शिगिओ शिंगो शिकवला, टोयोटात हजार टनाच्या प्रेसचा सेटअप चार तासांवरून दीड तासावर आणि मग १९६९ च्या सुमाराला तीन मिनिटांवर आणला तो माणूस. मशीन बंद ठेवूनच करायचं काम वेगळं काढा, चालू असताना होण्यासारखं वेगळं काढा, एवढंच त्याचं मूळ. वर्गात सगळे जांभया देत होते आणि माझ्या डोळ्यासमोर तो चोवीसचा पाना.

तुमच्या मुलीने मामाकडे जे केलं ना ते हेच आहे ओ. आम्हाला ते तिसऱ्या वर्षी पैसे भरून शिकवलं.

कोडवरभाकरी
गोड नको म्हणालात म्हणून लिहितो, बारातेरा साहेबांनी वाईट वाटून घेऊ नये. मीपण प्रॉडक्शनच. २००८ ला लागलो, पगार साडेनऊ हजार, फर्स्ट शिफ्टची बस पहाटे साडेपाचला. काम काय तर दर तासाला साहेबाचा फोन, किती झाले. कमी झाले तर का झाले, जास्त झाले तर काल का नाही झाले. ऑपरेटर आला नाही तर माणूस शोधा, कंत्राटदाराशी भांडा, कच्चा माल आला नाही तर स्टोअरशी भांडा. जे शिकलो त्यातलं ओआर वगैरे काहीही वापरलं नाही. दोन वर्षांत सोडलं, टेस्टिंगचा कोर्स केला, आयटीत गेलो, तीन वर्षांत पगार तिप्पट. आज एसीत बसून हे लिहितोय. मुलीला कॉम्प्युटर मिळत असेल तर द्या, एवढंच सांगेन.

बारातेरा
वाईट कशाला वाटेल, फोनचं अगदी खरंय, मला अजून येतात. पण तुम्ही जे सांगताय ते लाईन सुपरवायझरचं काम झालं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, टूल रूम, प्रोसेस प्लॅनिंग, नवीन प्लँटचं लेआउट, सप्लायर क्वालिटी, तिकडे वेगळं आयुष्य असतं. मान्य, सुरुवातीचा पगार रडवतो. आणि आयटीवाल्यांची यंदा काय गत आहे ते तुमच्याच ऑफिसातल्या पोरांना विचारा, मी काही बोलत नाही.

मास्तर_निवृत्त
पस्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, माफी असावी.

लोकांना ही शाखा नवी वाटते. खरं म्हणजे आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात वर्कशॉपपासूनच झाली. पुण्याचं आजचं सीओईपी कॉलेज १८५४ साली सुरू झालं ते पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल या नावाने. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. मग देश स्वतंत्र झाल्यावर कारखाने उभे राहायला लागले, मशीन बनवणारी सरकारी एचएमटी १९५३ ला, महाराष्ट्रात एमआयडीसी १९६२ ला, आणि लक्षात आलं की मशीन चालवणारे आहेत, मशीन डिझाइन करणारे आहेत, पण सगळा कारखाना एक यंत्र म्हणून बघणारा माणूस नाही. म्हणून १९६३ मध्ये पवईला विहार तलावाकाठी नीटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था सुरू झाली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने. तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते.

आता 'ओआर वापरलं नाही' याबद्दल. कोडवरभाकरी, तुम्ही वापरलं, तुम्हाला कळलं नाही एवढंच. दोन मशीन आहेत, पाच जॉब आहेत, प्रत्येक जॉब आधी पहिल्या मशीनवर मग दुसऱ्यावर जायचाय, तर कुठला आधी घ्यायचा? अनुभवी फोरमन सांगतो, ज्याचं पहिल्या मशीनवर काम थोडं तो आधी घाल म्हणजे दुसरं मशीन रिकामं बसणार नाही, आणि ज्याचं दुसऱ्यावर थोडं तो शेवटी ठेव. जॉन्सनने १९५४ साली हेच गणिताने सिद्ध केलं. फोरमनला सिद्धता येत नसते, पण दोनाची तीन मशीन झाली की त्याचा अंदाज चुकायला लागतो, आणि तीन मशीनना हा नियम सरसकट चालतही नाही. पदवी कशाला लागते, तर आपला नियम कुठे संपतो ते कळायला.

एक गोष्ट मात्र पालकांनी बघावी. कॉलेजचं वर्कशॉप बघून या. मशीनवर धूळ आहे की तेल, एवढंच बघा. धूळ असेल तर ते मशीन फक्त तपासणी समिती येते तेव्हा चालतं.

अर्धवट_डिप्लोमा
मास्तर +१, धूळ का तेल हे भारी!!

मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो त्यामुळे माझे हात आधीच काळे होते, बारावीवाल्या पोरांची फजिती बघायला मजा यायची. आमच्या बॅचला टर्निंगचा जॉब होता, २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि तो एका बुशमध्ये (पोकळ नळीत) बसला पाहिजे. बोअरला, म्हणजे बुशच्या भोकाला, २५ एच ७, म्हणजे २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालेल. शाफ्टला जी ६, म्हणजे २४.९८० ते २४.९९३. शाफ्टला खेळायला जागा किती, तर १३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेरा हजारांश. माणसाचा केससुद्धा याच्या चार-पाच पट जाड असतो. एक मुलगा, बारावीला गणितात पंचाण्णव वगैरे, दर कटनंतर व्हर्नियर लावतोय. सर मागून आले आणि म्हणाले राजा तुझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याला कळणारं सगळ्यात लहान माप, ०.०२, तुला राखायचेत ०.०१३, म्हणजे तू गव्हाच्या काट्यावर सोनं तोलतोयस. मायक्रोमीटर घे. त्याने घेतला, २५.०३ दिसलं, खूश झाला, एकदाच हलका कट मारला आणि झालं २४.९४. गेला जॉब. काढलेलं मटेरियल परत चिकटवता येत नाही हे तेव्हा त्याच्या तोंडावर दिसलं. शिवाय गरम जॉब मोजू नये हेपण त्याच दिवशी कळलं, थंड झाल्यावर अजून खाली आलं माप.

तो आता टूल रूमचा हेड आहे बरं का.

शिरोलीकर
आमी कोल्हापूरचं, फाउंड्रीवालं. शिकलेलं नाय जास्त, पण या ब्रँचच्या एका पोराचा किस्सा सांगतो मग ठरवा.

आमच्याकडं एक हाऊसिंगचा जॉब हुता, त्यात ब्लोहोल, म्हंजे हवेची भोकं, यायचं. रिजेक्शन असं की आठवड्याचा नफा एका दिवसात धुवून जायचा. आमचा मिस्त्री म्हणायचा ओतणारा हात घाई करतोय, ओतणारा म्हणायचा मेटल थंड येतंय, भट्टीवाला म्हणायचा वाळूच वाईट हाय. रोज भांडणं. त्यात कॉलेजचं एक पोरगं आलं ट्रेनिंगला, किडकिडीत, चष्मा. त्याला म्हणलं बस तिकडं. त्यानं काय केलं, प्रत्येक साच्यावर खडूनं वेळ लिवायला लावली. बास. पंधरा दिवस नुसती वेळ आणि माल चांगला का वाईट. मिस्त्री हसायचा, म्हणे हे पोरगं शाळेची घंटा वाजवतंय.

पंधरा दिवसानं कागद घेऊन आलं. सकाळी रिजेक्शन जवळजवळ नायच. दुपारी तीननंतर सगळं. आता ओतणारा तोच, भट्टी तीच, मेटल तेच. मग तीननंतर बदलतंय काय? वाळू! सकाळी वापरलेली वाळू फिरून दुपारी परत येती, ती गारच झालेली नसती. हात लावला तर चटका. गरम वाळूत पाणी किती मारलं तरी उडून जातंय, चिकणमाती धरत नाय, आणि गार पॅटर्नवर (साचा उठवायच्या नमुन्यावर) घाम सुटतो. पोरगं म्हणालं मामा वाळू ५० डिग्रीच्या वर असली की मिक्सरला घालू नका. वाळू पसरायला जागा वाढवली, एक जादाची पाळी गार व्हायला ठेवली, रिजेक्शन निम्म्यावर आलं.

पंधरा वर्सं आमी भांडत हुतो आणि खडूनं सुटलं. मिस्त्रीनं नंतर त्याला घरी जेवायला बोलावलं, तांबडा-पांढरा केला हुता.

रिकामटेकडा
शिरोलीकर, पोहे संपले, आता तांबड्या रश्श्याची आठवण काढली तुम्ही, कुठे फेडाल.

मापात_राहा
ताई, मी बाई आहे आणि शॉपफ्लोअरवर अकरा वर्षं काढलीयेत, चाकण पट्ट्यात, आधी प्रोसेस मग क्वालिटी. तुमचा तिसरा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून लिहिते. (सुधा मूर्तींचं टेल्कोचं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचं, पोस्टकार्ड आता कुणीतरी काढणारच होतं, मीच काढून टाकते. 'महिलांनी अर्ज करू नये' अशा जाहिरातीवर त्यांनी जेआरडींना पत्र लिहिलं आणि टेल्कोत लागल्या, ते सत्तरच्या दशकातलं. पुढे बोलू.)

तेलात हात घालावा लागतो. धुतला की जातो. दिरांना सांगा.

खरे त्रास वेगळे आहेत. टॉयलेट लाईनपासून लांब असतं, एका कंपनीत तर दुसऱ्या इमारतीत होतं आणि जाऊन यायला बारा मिनिटं, मी मोजलीयेत. त्यामुळे आम्ही पाणीच कमी प्यायचो. नाइट शिफ्टचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवायचं नाही असंच होतं, महाराष्ट्राने नंतर वाहतूक, सुरक्षा वगैरे अटी घालून परवानगी दिली. पण त्या आधीच्या काळात 'तू नाइटला येत नाहीस' हेच कारण सांगून माझं एक प्रमोशन पुढे ढकललं गेलं. कायदा यांचा, नियम यांचा आणि दोष माझा. कंपनीचं नाव नको.

आणि ऑपरेटर लोक? पहिले पंधरा दिवस मॅडम मॅडम, सोळाव्या दिवशी ते बघतात हिला काम येतं का नाही. आलं की विषय संपला.

आता मला ज्या दिवशी ही ब्रँच आवडली तो दिवस. असेंब्ली लाईन होती, चार स्टेशनं. शिफ्ट आठ तासांची, जेवण आणि दोन चहा वजा करून ४३० मिनिटं हातात. मागणी ८६० ची. म्हणजे दर ३० सेकंदाला एक पीस बाहेर पडलाच पाहिजे, याला टॅक्ट म्हणतात. स्टेशनांचे वेळ होते २८, २२, ३८ आणि २४. तिसऱ्या स्टेशनला ३८ लागतात म्हणजे बाकीचे कितीही जोरात पळाले तरी दिवसाला ६७९ च्या वर एक पीस निघणार नाही, आणि साहेब मात्र पहिल्या स्टेशनवाल्याला ओरडतोय हात चालव. त्याने हात चालवला की तिसऱ्याच्या पुढ्यात ढीग, बाकी काही नाही.

मी नवीन, हुशारी दाखवायची होती. तिसऱ्या स्टेशनचं ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बसवायचं आठ सेकंदांचं काम उचललं आणि दुसऱ्याला दिलं. झाले ना दोन्हीकडे तीस-तीस. कागदावर ८६० चोख. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी लीक टेस्टला पीस धडाधड फेल. का? दुसऱ्या स्टेशनला बसवलेली ओ-रिंग तिसऱ्याकडे सरकत जाताना खाचेतून अर्धी बाहेर यायची आणि वरून कव्हर दाबलं की चिरायची. पूर्वी लगेच कव्हर बसायचं म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्या तिसऱ्या स्टेशनवर एक मावशी होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, मॅडम मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की. मग त्यांनीच सुचवलं, खाचेला आधी ग्रीसचं बोट फिरवा, धरून राहते. ग्रीस लावायला दोन सेकंद वाढले, ते दुसरीकडून काढले, पण चाललं.

त्या मावशी दहावी नापास. मी फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.

कोडवरभाकरी
हे छान लिहिलंय. पण बघा ना, त्यातलं अर्धं टॉयलेट आणि प्रमोशनच आहे.

मापात_राहा
हो, आहेच. ताईंनी गोड नको सांगितलं होतं.

आखेनकर
जर्मनीतून. इथे प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला फार मान आहे, आखेनच्या विद्यापीठाची मशीन टूल्सची प्रयोगशाळा १९०६ पासून चालू आहे आणि शेजारीच फ्राउनहोफरची संशोधन संस्था, प्रोफेसर लोक अर्धा वेळ कंपन्यांच्याच कामात. मजा म्हणजे इथे बऱ्याच विद्यापीठांत मेकॅनिकलच्या पोरांना प्रवेशाआधी नाहीतर शिकताना काही आठवडे कारखान्यात प्रत्यक्ष काम करून आल्याचं पत्र लागतं, फोरप्राक्टिकुम म्हणतात. कानस चालवणं, वेल्डिंग, सगळं. मी मास्टर्सला आलो तेव्हा माझं सँडविचचं सर्टिफिकेट बघून बाई म्हणाली अरे वा, तुमच्याकडेही हे आहे! पुण्यात ज्याच्यावर हसायचे ते इथे चाललं.

एक सूचना: पुढे शिकायचं असेल तर गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, या शाखेचा पेपर वेगळा असतो, पीआय, प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल. पण सरकारी कंपन्यांच्या जाहिराती नीट वाचायच्या, काही ठिकाणी मेकॅनिकलच्या बरोबरीने प्रॉडक्शन धरतात, काही ठिकाणी नाही. पदवीवर ब्रँचचं नाव नक्की काय छापून येतं तेपण कॉलेजला आधीच विचारून घ्या, हल्ली नावं बदलतायत, सीओईपीतच या शाखेचं मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग झालंय.

चाफ्याचीवाट
मला एक विचारायचंय, विषय सोडून असेल तर सांगा. घड्याळ लावून माणसाचं काम मोजणं हे जरा माणुसकीला धरून वाटत नाही. आमचे वडील मिलमध्ये होते, घड्याळवाला साहेब आला की सगळे मुद्दाम हळू काम करायचे असं सांगायचे.

मास्तर_निवृत्त
विषय सोडून मुळीच नाही, हाच तर या विषयाचा जुना घाव आहे. टेलरने १८८० च्या दशकात मिडव्हेल स्टीलमध्ये घड्याळ आणलं तेव्हापासून कामगार हळू करतात आणि साहेब तेवढा कट मनात धरतो. म्हणून टाइम स्टडीत नुसता वेळ लिहीत नाहीत. हा माणूस नेहमीपेक्षा हळू करतोय की जोरात याचं रेटिंग लावतात, वर थकवा, पाणी, नैसर्गिक विधी यांची सूट धरतात. मापात_राहा यांची ती बारा मिनिटं नियमाने या सुटीत यायला हवी होती, कुणी धरली नाही एवढं नक्की.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने घड्याळापेक्षा हालचालींकडे बघितलं. हात कुठून कुठे गेला, का गेला. हालचालीच्या सुट्या घटकांना त्यांनी नाव दिलं थर्ब्लिग, आपलंच आडनाव जवळजवळ उलटं लिहून. लिलियनबाई मानसशास्त्राच्या डॉक्टर, बारा मुलांची आई, नवरा लवकर गेल्यावर सगळं काम पुढे चालवलं आणि स्वयंपाकघराच्या मांडणीचाही अभ्यास केला. धागाकर्तीचं नाव 'ओट्यावरून' आहे म्हणून सांगतो, सकाळच्या डब्याच्या वेळी फ्रीज, सिंक आणि शेगडी यांमध्ये किती वेळा फिरता ते एकदा लेकीला मोजायला सांगा.

ओट्यावरून
मास्तर, मोजलं तिने! तुमचं वाचून आज सकाळीच. डब्याच्या पाऊण तासात मी फ्रीजपर्यंत एकोणीस वेळा गेले, त्यातल्या सहा वेळा नुसती कोथिंबीर आणि मिरची, कारण ती खालच्या खणात मागे. आता एक ताटली काढून आधीच सगळं त्यात ठेवायचं असं फर्मान निघालंय. हे चहा पीत बघत होते, काही बोलले नाहीत, पण बेटरमेंटचं नावही काढलं नाही.

मी काल तिला घेऊन कॉलेजचं वर्कशॉपपण बघून आले. धूळ आणि तेल दोन्ही होतं हो, अर्ध्या मशीनवर हे अर्ध्यावर ते. तिथले एक इन्स्ट्रक्टर म्हणाले सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) एकच आहे आणि साठ मुलं, हात लावायला मिळेल पण रांग लावून. खरं बोलले म्हणून बरं वाटलं.

आणि भावाला फोन केला, म्हटलं वही दे बाबा तिची. तर म्हणतो थांब, अजून काम आहे तिचं. त्याच्या एका माणसाचं दिवसातून चौदा वेळा ग्राइंडरपाशी जाणं लिहिलं होतं तिने. त्याला वाटायचं हा गप्पा मारायला जातो. वहीत लिहिलेलं, टूलला, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या पात्याला, धार लावायला. आता तो दर सकाळी चार टूल धार लावूनच हाताशी देतो, आणि शिवाय मला म्हणतो बारामतीच्या त्या व्यापाऱ्याने हलकं टूल बिट गळ्यात मारलं होतं ते कळलं यातून, नाहीतर चौदा वेळा धार कशाला जाईल.

बारातेरा
मामाला सांगा स्पीडपण बघ एकदा. टूलची धार लवकर जातेय याचं पहिलं कारण बहुतेक वेळा स्पीड जास्त हेच असतं. टेलरचंच सूत्र आहे ते, वेग थोडा वाढवला की टूलचं आयुष्य थोडं नाही, धाडकन कमी होतं. हायस्पीड स्टीलच्या टूलला तर फारच. व्यापाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी आरपीएम कमी करून दोन दिवस वहीत लिहायला सांगा.

शिरोलीकर
आणि खडूनं वेळ लिवा!

ओट्यावरून
फ्रीज केली सीट. आत्ताच. यांनीच ओटीपी सांगितला.

आता एक शेवटचं विचारते. कॉलेजच्या यादीत खाकी एप्रन आणि सेफ्टी शूज आहेत. एप्रन मिळाला, लक्ष्मी रोडला. पण शूज? तिचं माप चार नंबर. तीन दुकानं फिरलो, सगळीकडे सहापासून पुढे. एकजण म्हणाला दोन मोजे घाला.

मापात_राहा
दोन मोजे अजिबात नको, पाय आत सरकतो आणि पुढची लोखंडी टोपी बोटांवर येत नाही, मग घालून उपयोग काय. मी पहिलं वर्ष तसंच काढलंय, नखं गेली होती दोन. भोसरीत एमआयडीसीच्या आत सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे लेडीज मापात सांगून मागवून देतात, आठ-दहा दिवस लागतात, आजच सांगा. घेताना संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा सुजतो, त्या मापाचे घ्या.